‘गमन इल्ल’ : लहान मुलांतील अवधानन्यूनता आणि अतिचंचलता

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मराठीत ‘गमन’ म्हणजे जाणे. कन्नड बोलण्यात ‘गमन’ म्हणजे लक्ष, अवधान. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आम्हा सीमाभागातील मुलांना लहानपणी या शब्दाची गंमत वाटे. पण गेल्या वर्षी हाच शब्द आमच्या घरी रडारड घेऊन आला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. एके दिवशी शाळेने अक्काला बोलावून घेतले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “निम्म मगनिगे गमन इल्ल.” तुमच्या मुलाचे लक्ष नाही. तो जागेवर बसत नाही, दुसऱ्याच्या पाट्या-पेन्सिली ओढतो, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडतो, आणि वहीत मात्र निम्मेच उतरवतो. शेवटी त्यांनी सुचविले की, पुढील वर्षी दुसरी शाळा पाहिलेली बरी.

अक्का घरी आली ती डोळे पुसतच. भाऊजींनी मुलाला बदडले. आज्जीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “लाडावून ठेवलाय, दुसरं काय!” आणि मी? रोज संध्याकाळी त्याचा अभ्यास घेण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्याला ‘आळशी’ म्हटले, कान धरून पाटावर बसविले आणि ‘अर्धा तास हललास तर बघ’ असा दम दिला. तो पाच मिनिटे बसला. मग रडवेला होऊन म्हणाला, “मामा, मी बसायला बघतो, पण पाय बसत नाहीत.”

हे वाक्य मला त्या रात्री झोपू देईना. पुढे डॉक्टरांकडे जाणे झाले, त्या निमित्ताने वाचन झाले, आणि ध्यानात आले की ज्याला आम्ही सारे घर हट्ट समजत होतो त्याला वैद्यकशास्त्रात एक नाव आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाचा किंवा मानसशास्त्राचा अधिकार मला नाही. तथापि जे वाचले, विचारले आणि घरात पाहिले ते येथे मांडावे असे वाटते, कारण आपल्यापैकी पुष्कळजण शिकवण्या घेतात, काहीजण उद्या शिक्षक होतील, आणि आई-बाप तर बहुतेक सारेच होतील.

विकार म्हणजे नेमके काय?

या अवस्थेचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. त्याच्या आद्याक्षरांवरून तिला सर्वत्र ‘एडीएचडी’ म्हणतात. मराठीत ‘अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार’ असे म्हणता येईल. यात तीन गोष्टी येतात : लक्ष न टिकणे, सतत चुळबुळ, आणि विचार करण्याआधीच कृती करणे.

लक्ष न टिकणारे मूल सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिले करून दुसरे विसरते. बेरजेत हातचा घ्यायला चुकते; येत नाही म्हणून नव्हे, तर मध्येच लक्ष उडते म्हणून. डबा, रबर, पाण्याची बाटली यांतले काहीतरी रोज शाळेत राहते. समोर उभे राहून बोलले तरी ऐकत नसल्यासारखे दिसते. चुळबुळ करणारे मूल बाकावरून उठते, जेवताना ताट सोडून फिरते, अखंड बोलते. अविचारीपणा असलेले मूल स्वतःची पाळी येईपर्यंत थांबत नाही, खेळात घुसते, रस्ता न पाहता धावते.

आता कोणी म्हणेल, ही लक्षणे कोणत्या मुलात नसतात? प्रश्न रास्त आहे, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाने घरभर धावणे हा त्याचा धर्मच होय. म्हणून केवळ लक्षण दिसले की विकार, असे डॉक्टर मानत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत कसोट्या घालून दिल्या आहेत. अवधानाची नऊ आणि चंचलता-अविचाराची नऊ अशी लक्षणे तेथे दिली आहेत. मुलाच्या बाबतीत कोणत्याही एका गटातील निदान सहा लक्षणे हवीत. ती किमान सहा महिने टिकलेली हवीत. त्यांतील काही तरी बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली हवीत. ती दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, दिसावयास हवीत. त्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने ती स्पष्टपणे जास्त हवीत, आणि त्यांमुळे मुलाच्या शिक्षणात किंवा माणसांत मिसळण्यात खरोखर अडथळा यावयास हवा.

या अटी नीट पाहिल्या म्हणजे दोन भ्रम दूर होतात. शाळेत उच्छाद पण घरी शांत, किंवा घरी उच्छाद पण शाळेत शहाणा, अशा मुलाचे कारण बहुधा त्या जागेतच शोधावे लागते. दुसरे असे की, काही मुले मुळीच दंगा करीत नाहीत. ती खिडकीबाहेर पाहत शांत बसतात आणि पाठ संपल्यावर काहीच आठवत नाही. अशा मुली विशेषेकरून नजरेतून सुटतात. दंगेखोर मुलाची तक्रार येते. गप्प बसणारीला ‘स्वप्नाळू’ किंवा ‘मठ्ठ’ ठरवून तिची वही बाजूला ठेवली जाते.

“मोबाईलवर बरे लक्ष लागते!”

आमच्या घरी हा आक्षेप रोज निघे. भाऊजींचे म्हणणे असे : हाच मुलगा वडगावात काकांकडे गेला की यंत्रमागासमोर अर्धा तास टक लावून उभा राहतो, मोबाईलवरच्या खेळात तासभर गुंगतो, मग पाढ्यांच्या वेळीच काय होते? म्हणजे हे ढोंग आहे.

याचे उत्तर असे की या मुलांजवळ लक्ष नसते असे नव्हे, ते हवे तेथे वळविण्याचे आणि नको तेथून काढून घेण्याचे नियंत्रण दुबळे असते. खेळात दर क्षणाला नवे चित्र, नवा आवाज आणि लगेच बक्षीस मिळते. पाढ्यांचे बक्षीस परीक्षेत, म्हणजे मुलाच्या हिशेबी युगानंतर मिळते. मेंदूच्या पुढच्या भागात बेत आखणे, थांबणे, मनात दोन-तीन गोष्टी एकदम धरून ठेवणे अशी कामे चालतात. त्या भागाची आणि आतल्या केंद्रांची जोडणी या मुलांत काहीशी निराळी असते, आणि डोपामिन व नॉरअॅड्रिनलिन या रासायनिक दूतांचा तेथे संबंध आहे, असे संशोधन सांगते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूची चित्रे तुलनेसाठी घेतली. मेंदूच्या बाह्य थराची जाडी एका विशिष्ट टप्प्यास पोहोचण्याचे वय सर्वसाधारण मुलांत साडेसात वर्षांच्या आसपास, तर या मुलांत साडेदहाच्या आसपास आढळले. वाढीचा क्रम तोच होता, वेळ मात्र मागे पडली होती. अर्थात अशा चित्रावरून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही. रक्ताची किंवा मेंदूची कोणतीही एकच तपासणी यासाठी आजही नाही.

हे नवे खूळ आहे काय?

‘आमच्या वेळी असले आजार नव्हते’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वास्तविक वर्णने फार जुनी आहेत. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली मनोविकारांवरील ग्रंथात लक्ष एका जागी न राहण्याच्या अवस्थेविषयी लिहिले. ती जन्मजात असू शकते व वयाबरोबर कमी होऊ शकते, असेही त्याने नोंदविले. १८४० च्या दशकात फ्रँकफुर्टच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टरने मुलांसाठी काढलेल्या सचित्र पुस्तकात जेवणाच्या टेबलावर खुर्ची मागेपुढे झुलवून शेवटी चादरीसकट सारे जेवण खाली ओढणारा फिलिप आहे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने दिली. बुद्धीने ठीक असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांत होते. त्याने याला नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले. शब्द आज खटकतो, पण दोष केवळ आईबापांच्या वळण लावण्यात नाही हे त्याने पाहिले होते.

औषधाचा शोध योगायोगाने लागला. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या संस्थेत काम करीत. एका तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. १९३७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३० मुलांची हकीकत आहे. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुले शाळेत विलक्षण लक्ष देऊन काम करू लागली. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर कसे होते, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. आज त्याचे स्पष्टीकरण असे देतात की, ते औषध मेंदूतील आवर घालणाऱ्या यंत्रणेलाच जागे करते. पुढे १९४४ साली सिबा या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत मिथाइलफेनिडेट तयार झाले. आजही हेच औषध जास्त वापरात आहे.

विकाराचे नावही वेळोवेळी बदलले. मध्यंतरी ‘मेंदूचा किरकोळ बिघाड’ असे म्हणत. १९६८ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत भर चंचलतेवर होता. १९७२ साली कॅनडातील व्हर्जिनिया डग्लस यांनी खरी अडचण अवधान आणि आवर यांची आहे असे मांडले, आणि १९८० च्या आवृत्तीत ‘अवधानन्यूनता’ हा शब्द नावात पुढे आला. आजचे नाव १९८७ पासूनचे होय.

प्रमाण किती? जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्यास शंभर मुलांत सुमारे पाच, असा अंदाज निघतो. कोइमतूर येथील प्राथमिक शाळांतील ७७० मुलांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो सुमारे ११ टक्के निघाला. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. मालसाठ्याचे मूल्यांकन कोणत्या पद्धतीने केले यावर नफ्याचा आकडा बदलतो. तसेच येथेही कोणाला विचारले, कोणती प्रश्नावली वापरली यावर आकडा हलतो. पाच धरले तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असावयाची.

कारणे, आणि कारणे नसलेल्या गोष्टी

सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून हा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान धरतात. एकच असे जनुक नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा परिणाम एकत्र होतो. दिवस पुरे होण्याआधी जन्म, फार कमी वजन, यांमुळेही संभव वाढतो. हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा भाऊजी गप्प झाले. नंतर आज्जीच हळूच म्हणाली की भाऊजी स्वतः लहानपणी शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळत असत, आणि मास्तरांनी त्यांना दिवसच्या दिवस कोंबडा करून ठेवला होता. मुलाला मारणारा हात त्या दिवसापासून थांबला.

साखर खाल्ल्याने मुले चेकाळतात, हा समज सर्वत्र आहे. १९९० च्या दशकात यावर काटेकोर प्रयोग झाले; साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही असे १९९५ सालच्या एकत्रित आढाव्यात दिसले. १९९४ सालचा एक प्रयोग तर आईबापांनी लक्षात ठेवावा असा आहे. काही आयांना सांगितले की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखर दिलीच नव्हती. तरी त्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली, आणि त्या मुलांवर टीकाही जास्त करू लागल्या. आपण मुलाला जे नाव देतो तेच आपल्याला दिसू लागते, याचा हा पुरावाच होय.

मोबाईलमुळे हा विकार होतो असेही सिद्ध झालेले नाही. परंतु म्हणून मोबाईल हाती द्यावा असे मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी पडद्यासमोर एक तासाहून अधिक बसवू नये, त्याला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप मिळावी. शहरातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या किती मुलांना तीन तास धावायला जागा मिळते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याच गल्लीला विचारून पाहावा.

घाई नको

निदान न होणे जसे वाईट, तसेच चुकीचे निदानही वाईट. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शाळाप्रवेशाची वयोमर्यादा १ सप्टेंबर असलेल्या राज्यांतील मुले पाहिली. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांत हे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे काही मुले आजारी नव्हती, फक्त धाकटी होती! आपल्याकडेही एकाच बाकावर अकरा महिन्यांचे अंतर असलेली दोन मुले बसतात आणि दोघांकडून एकच अपेक्षा होते.

याखेरीज लक्ष न लागण्याची कारणे पुष्कळ. कमी ऐकू येणे, फळा न दिसणे, घोरण्यामुळे रात्रीची झोप मोडणे ही त्यांपैकी काही. रक्तक्षयानेही मूल चिडके आणि अस्थिर होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला आहे. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद शून्यात पाहते आणि ते ‘लक्ष नाही’ असे वाटते. वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असली तरी मूल अभ्यासापासून पळते, आणि ती पुष्कळदा या विकाराच्या जोडीनेही असते. घरातील भांडणे, मारहाण, कोणाचा मृत्यू यांनीही मुलाचे चित्त थाऱ्यावर राहत नाही.

आमच्या भागात याला आणखी एक कारण जोडले पाहिजे, ते म्हणजे भाषा. आमचा मुलगा घरी मराठी बोलतो, गल्लीत कन्नड, आणि शाळेत इंग्रजीतून शिकतो. वर्गशिक्षिका समजावून सांगतात त्या कन्नडमधून. जे कळत नाही त्याकडे कोणते मूल तासभर लक्ष देईल? मी स्वतः मराठी शाळेत शिकून महाविद्यालयात इंग्रजीतून हिशेबशास्त्र ऐकले, तेव्हा पहिले सहा महिने माझेही ‘गमन इल्ल’ होते. म्हणून डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की, मराठीतून गोष्ट सांगितली तर तो ऐकतो का? गोष्टीतही तो दुसऱ्या मिनिटाला उठतो, असे अक्काने सांगितले, तेव्हा कोठे त्यांनी पुढचा विचार केला. दोन भाषा बोलल्याने हा विकार होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आज्जीला घरी मराठी सोडायची भीती वाटत होती, ती गेली.

त्याआधी कानांची, डोळ्यांची, रक्ताची तपासणी झाली. मग पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी प्रश्नावल्या दिल्या. त्या इंग्रजीत होत्या. अक्कासाठी मी मराठीत आणि भाऊजींच्या आईसाठी कन्नडात अर्थ सांगत बसलो. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय : कधीच नाही, कधी कधी, वारंवार, फारच वारंवार. अक्का रागात असे तेव्हा सगळ्यालाच ‘फारच वारंवार’ म्हणे. त्याच्या आजीला मात्र नातवाचे सगळे ‘कधीच नाही’. एकाच मुलाचे दोन ताळेबंद, आणि दोन्ही जुळेनात! शेवटी डॉक्टरांनी सांगितले की मत देऊ नका, आठवडाभर काय घडले ते लिहून आणा. मी वही घातली. सोमवारी जेवताना किती वेळा उठला, मंगळवारी कोणती वस्तू हरवली, असे तारीखवार लिहिले. त्या वहीचा प्रश्नावलीपेक्षा अधिक उपयोग झाला, असे डॉक्टर म्हणाले. दोन भेटींनंतर निदान नक्की झाले.

उपाय

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोग अकादमीने २०१९ साली पहिला उपाय म्हणून औषध नव्हे, तर पालकांचे प्रशिक्षण सांगितले आहे. सहा वर्षांवरील मुलांत गरजेप्रमाणे औषध आणि वर्तनोपचार दोन्ही सांगतात. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा अधिक कमी झाली. पण दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली. औषधाने भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून वजन-उंचीवर नजर ठेवावी लागते, आणि ते तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते. औषध म्हणजे मुलाला गुंगी आणणे, ही भीती खरी नव्हे. तसेच औषध दिले की सारे संपले, ही आशाही खरी नव्हे.

आमच्या घरी डॉक्टरांनी आधी तीन महिने वर्तनोपचार करण्यास सांगितले. तो ऐकायला सोपा आणि करायला कठीण आहे. एका वेळी एकच सूचना द्यावयाची, तीही जवळ जाऊन, नाव घेऊन, दुसऱ्या खोलीतून ओरडून नव्हे. अभ्यास दहा मिनिटांचा, मग पाच मिनिटे उठायचे. ही सुट्टी त्याने चोरून घेण्यापेक्षा आपण दिलेली बरी. मी त्याला पाढे अंगणात चालत चालत म्हणावयास लावले. पाय चालू राहिले की तोंडही चालते असा अनुभव आला. दप्तरातल्या वस्तूंची चित्रे दारामागे चिकटविली. आणि बक्षिसासाठी एक खतावणी उघडली. दात न सांगता घासले, एक गुण जमा; गणिते पाच केली, दोन गुण जमा. दर संध्याकाळी बेरीज. वीस गुण झाले की भाऊजींबरोबर वडगावात माग पाहायला जायचे.

पहिल्या आठवड्यात माझी चूक झाली. जमा असेल तर नावेही हवे, या हिशेबाने मी दंग्याचे गुण वजा करू लागलो. तिसऱ्या दिवशी शिल्लक शून्याखाली गेली आणि त्याने वही फाडून टाकली. डॉक्टर हसले व म्हणाले, “सुरुवातीला नावे बाजू ठेवूच नका. या मुलाला दिवसभर नावेच ऐकायची सवय आहे.” नवी वही घातली, तीत फक्त जमा. ती अजून चालू आहे.

शाळेत काय करता येईल, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मुलाला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर, शांत सोबत्याशेजारी बसवावे. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठण्याची कामे त्यालाच द्यावीत. लांब काम तुकडे करून द्यावे. मधली सुट्टी शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये, कारण त्यालाच ती सर्वांत जास्त हवी असते. यांतील कशालाही पैसे पडत नाहीत.

हक्क आणि मदत

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे, आणि १६ व्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे मी वाचून अक्काला सांगितले. ती भांडायला गेली नाही. डॉक्टरांचे पत्र घेऊन गेली आणि दुसरी शाळा पाहणार नाही एवढेच नम्रपणे म्हणाली. मुलगा त्याच शाळेत आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण या विकाराचे वेगळे नाव नाही. त्यामुळे सवलतींसाठी पालकांना धावपळ करावी लागते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. ज्या तीस अवस्थांकडे पाहावयाचे त्यांत हा विकारही आहे. फी भरून खासगी शाळेत घातलेला आमचा मुलगा मात्र या तपासणीच्या बाहेर राहिला! आपल्या भागातील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आणि बेंगळुरूची निम्हान्स ही सरकारी ठिकाणे आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

हा विकार वयाबरोबर सर्वांचाच नाहीसा होत नाही. धावपळ कमी होते, पण विसराळूपणा आणि काम अर्धवट टाकण्याची सवय पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही राहते. तेव्हा आपल्या वर्गातही असे कोणी असतील. मागच्या बाकावरच्या ज्या मित्राची जर्नले कधीच वेळेवर पुरी होत नाहीत, त्याच्याविषयी प्राध्यापकांनी आणि आपण एकदा वेगळा विचार करून पाहावा, ही विनंती.

आमच्या घरी चमत्कार झालेला नाही. मुलगा अजून रबरे हरवतो, आरतीच्या वेळी अजून मध्येच पळतो. परवा मात्र शाळेच्या वहीत बाईंनी कन्नडात शेरा लिहून पाठविला. अक्काला लिपी वाचता येत नाही, म्हणून तिने तो माझ्यापुढे धरला. तोंड उतरलेलेच होते. मी वाचून मराठीत सांगितले : “आज पंधरा मिनिटे लक्ष देऊन बसला.” अक्काने तो शेरा मला पुन्हा एकदा वाचायला लावला. मग तिने मुलाला हाक मारली आणि जमा बाजूला पाच गुण स्वतःच्या हाताने लिहिले.